सावरगाव-सौसर पट्ट्यात वावर घ्यायचंय? रजिस्ट्रीआधी रस्ता, पाणी अन् जुना खसरा पाहा

पांढुर्णा : जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे ही दोन नावं सगळीकडे पोचली. अलीकडे मात्र या भागात बाहेरची माणसं येतात ती बरेचदा जमीन पाहायला. नागपूरहून शंभरेक किलोमीटर, रेल्वेचं स्टेशन, हायवे, संत्र्याचे बगीचे, मागे सातपुड्याच्या रांगा आणि बोलायला मराठी. निवृत्तीचे पैसे हाती आलेला नोकरदार, शहरातला प्लॉट विकून चार-पाच एकर घेऊ पाहणारं कुटुंब, गाई पाळायचं मनात असलेला तरुण, असे सगळेच चौकशी करतात.

त्यांना मिळणारी माहिती बहुतेक दलालाकडची असते. एकराचा भाव, झाडांची संख्या, हायवेपासूनचं अंतर एवढ्यावर ती संपते. ऑगस्टमध्ये वावरात गाडी जाईल का, मे महिन्यात विहिरीला पाणी राहील का, कॉलम 12 मध्ये काय लिहिलंय, हे इसार दिल्यानंतर कळतं. रजिस्ट्री झाली की कागदावर मालकी मिळते. त्या जमिनीवर राहता येईल की नाही, हे त्या कागदात नसतं. घेण्याआधी काय काय तपासायचं, त्याची ही माहिती.

बोली एक, कायदा दुसरा

1956 पर्यंत नागपूर आणि छिंदवाडा एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौसर या तहसिली छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. गावातली भाषा, सोयरिकी, पीकपाणी सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखंच आहे. जमिनीचा कायदा मात्र वेगळा.

इकडे मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता 1959 लागू आहे. विदर्भात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर 1958 च्या विदर्भ कूळकायद्याप्रमाणे कलेक्टरची परवानगी लागते. मध्यप्रदेशात शेतकरी असल्याचा दाखला मागितला जात नाही. सीमेपलीकडचे खरेदीदार इकडे वळतात त्याचं हे एक मोठं कारण. परदेशात राहणाऱ्या भारतीयांना मात्र परकीय चलन कायद्यामुळे दोन्ही राज्यांत शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मिळाली तर ठेवता येते.

कचेरीचं कामकाज हिंदीत चालतं. सातबारा पाहायची सवय असलेला माणूस इथे पहिल्याच दिवशी अडखळतो. म्हणून हे शब्द आधी समजून घ्यावेत.

- खसरा : जमिनीच्या तुकड्याचा नंबर आणि त्याची नोंद. सातबाऱ्याचं काम बहुतेक हाच करतो.
- बी-1 किंवा खतौनी : एका खातेदाराची गावातली सगळी जमीन. महाराष्ट्रातला 8-अ.
- ऋण पुस्तिका : खातेदाराकडे असणारं पुस्तक. जमीन आणि त्यावरचं कर्ज दोन्ही यात येतं.
- नामांतरण : फेरफार.
- सीमांकन : मोजणी.
- बंटवारा : वाटणी. शामिल खाता म्हणजे सामाईक खातं.
- डायव्हर्शन : अकृषक, म्हणजे एनए.
- चरनोई : गुरं चारायची सरकारी जमीन. विदर्भातलं गायरान किंवा ई-क्लास.
- छोटे झाड का जंगल : विदर्भातलं झुडपी जंगल.
- हलका : एका पटवाऱ्याच्या हाताखालची गावं, म्हणजे साजा.

पटवाऱ्याच्या वर आरआय, म्हणजे राजस्व निरीक्षक, मग तहसीलदार, मग एसडीएम. महसुली वाद वाढला तर अपील जबलपूरच्या विभागीय आयुक्तांकडे जातं. राजस्व मंडळ ग्वाल्हेरला आहे आणि हायकोर्ट जबलपूरला. नागपुरात राहून इथली जमीन सांभाळणाऱ्याने हे अंतर आधीच लक्षात ठेवावं.

क्षेत्र कागदावर हेक्टरमध्ये असतं आणि सौदा एकरात होतो. एक एकर म्हणजे 0.405 हेक्टर. पाच एकर सांगून खसऱ्यात 1.850 हेक्टर निघालं तर ते साडेचार एकरांपेक्षा थोडंसंच जास्त आहे. हा हिशेब इसाराआधी करावा.

कोणती जमीन विकतच घेता येत नाही

या भागातली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. 2003 मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने मध्यप्रदेशातली अनुसूचित क्षेत्रं नव्याने ठरली. त्यात पांढुर्णा तहसिलीतले बरेच आणि सौसर तहसिलीतले काही पटवारी हलके आले. अशा भागात 2022 चे पेसा नियमही लागू आहेत आणि जमिनीच्या बाबतीत ग्रामसभेला अधिकार आहेत. म्हणून गाव अनुसूचित क्षेत्रात येतं का, हा पहिला प्रश्न तहसील कचेरीत विचारावा. डोंगराकडच्या गावांत तर नक्कीच विचारावा.

संहितेच्या कलम 165 (6) प्रमाणे आदिवासी भूमिस्वामीची जमीन अधिसूचित भागात बिगर-आदिवासीला विकताच येत नाही. बाकी भागात कलेक्टरची कारणांसह लेखी परवानगी लागते. “परवानगी मागून काढून देऊ, आधी ताबा घ्या,” असं कोणी म्हटलं तर तिथेच थांबावं. दुसऱ्या आदिवासी माणसाच्या नावावर जमीन घेऊन पैसा आपला लावणं ही तर बेनामी खरेदी झाली. त्यात पैसाही जातो अन् गुन्हाही दाखल होतो.

आज विकणारा बिगर-आदिवासी असला तरी काम संपत नाही. त्याच्या आजाने ती जमीन कोणाकडून घेतली होती, हे पाहावं लागतं. कलम 170-ब मध्ये आदिवासींची फसवून घेतलेली जमीन परत करण्याची तरतूद आहे. मधल्या काळात ती किती हातांतून गेली, यावर मूळ मालकाचा हक्क संपत नाही. त्यासाठी मिसल बंदोबस्त आणि 1959 पासूनचे खसरे काढून वकिलाला दाखवावेत. नक्कल मिळायला वेळ लागतो. तो वेळ द्यावा.

आणखी चार प्रकारच्या जमिनी जपून पाहाव्यात.

सरकारी पट्टा : भूमिहीनाला सरकारने दिलेली जमीन पुढे भूमिस्वामी हक्काची झाली तरी कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. खसऱ्याच्या कॉलम 12 मध्ये, म्हणजे कैफियतीत, ‘अहस्तांतरणीय’ असं लिहिलेलं असतं. काही वेळा ही नोंद जुन्या खसऱ्यात असते आणि नव्या कॉम्प्युटरच्या खसऱ्यात सुटलेली असते. नोंद सुटली म्हणून बंधन सुटत नाही.

वनहक्क पट्टा : 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाला जाते, विकता येत नाही.

भूदानाची जमीन : हिच्या विक्रीवरही बंधन आहे.

छोटे झाड का जंगल : जुन्या मध्यप्रांताच्या महसुली दप्तरातली ही नोंद. जागेवर एकही झाड नसलं, पिढ्यान् पिढ्या कोणी वाहत असलं, तरी नोंद जंगलाची असेल तर वनकायदा आडवा येतो. विदर्भातल्या झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीनच आहेत, असा निकाल सुप्रीम कोर्टाने 22 मे 2025 ला दिला. तो निकाल महाराष्ट्रातल्या जमिनींचा आहे, पण नोंद एकाच जुन्या दप्तरातून आलेली असल्याने इकडच्या खरेदीदारानेही तो ध्यानात ठेवावा.

शेवटी अतिक्रमणाची जमीन. “पाच एकर रजिस्ट्रीची, दोन एकर मागची फुकट,” अशी जाहिरात सर्रास होते. मागची दोन एकर म्हणजे चरनोई किंवा नाला. तिच्यावर कलम 248 खाली तहसीलदार केव्हाही कारवाई करू शकतो. गावाची गुरं तिथे चरत असतील तर पहिलं भांडण गावाशीच होतं.

विकणारा एक, हक्कदार सात

खसऱ्यावर एक नाव असलं तरी मागे हक्कदार किती, हे घरात जाऊन कळतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. 2005 च्या दुरुस्तीनंतर त्यात शंका राहिलेली नाही. नागपूर, अमरावती, वर्ध्याला दिलेल्या बहिणींच्या सह्या नाहीत म्हणून अडकलेले सौदे सीमाभागाला नवे नाहीत. बहिणींना रजिस्ट्रीत संमतीदार म्हणून घ्यावं. “त्या काही बोलणार नाहीत” या शब्दावर लाखो रुपये लावू नयेत.

शामिल खात्यातला हिस्सा विकत असतील तर आधी कलम 178 प्रमाणे बंटवारा आणि नकाशात तुकडा वेगळा करून मागावा. नाहीतर पाच एकर कागदावर मिळते, पण ती कोणत्या कोपऱ्यातली हे ठरत नाही. मग रस्त्याकडची बाजू चुलत भावाकडे अन् नाल्याकडची नव्या मालकाकडे, असं होतं.

जमिनीवर सेवा सहकारी समितीचं किंवा बँकेचं कर्ज आहे का, ते कैफियतीत आणि ऋण पुस्तिकेत पाहावं. ‘बंधक’ असा शेरा असेल तर नादेय प्रमाणपत्र, म्हणजे नो-ड्यूज, आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जमीन बटईने दिली असेल तर उभं पीक कोणाचं आणि बटईदार कधी निघणार, हे कागदावर घ्यावं.

इसार पावती साध्या कागदावर करू नये. पैसे बँकेतून द्यावेत. पावतीत खसरा नंबर, हेक्टरमधलं क्षेत्र, चतु:सीमा, विहीर, मोटार, झाडांची संख्या आणि रस्ता, सगळं लिहावं. मोटार अन् ड्रिपच्या नळ्या ‘धरून’ होत्या की नाही, यावरून पुढे तोंडं फिरतात.

मोजणी सौद्याआधी व्हावी. सीमांकनाचा अर्ज कलम 129 खाली तहसीलदाराकडे मालकाने करायचा असतो. शेजारच्या चारही धुऱ्यांचे मालक मोजणीच्या दिवशी हजर असावेत आणि पंचनाम्यावर त्यांच्या सह्या असाव्यात. या भागात धुरा दरवर्षी नांगराच्या एका तासाने सरकतो. वीस वर्षांत ते किती होतं, हे मोजल्यावरच कळतं.

रजिस्ट्री झाली की नामांतरण होईपर्यंत पाठपुरावा करावा. 2022 पासून सुरू झालेल्या सायबर तहसील व्यवस्थेत वाद नसलेली प्रकरणं ऑनलाइन निघतात. तरी खसऱ्यावर आपलं नाव आलंय का, हे भूलेखच्या पोर्टलवर स्वतः पाहावं.

रस्ता : नकाशावरचा अन् पावसाळ्यातला

जमीन पाहायला माणूस येतो तो हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात. तेव्हा शेजाऱ्याचं वावर रिकामं असतं, गाडी थेट विहिरीपर्यंत जाते. पेरणी झाली की तीच वाट बंद होते.

म्हणून दोन गोष्टी पाहाव्यात. एक, नकाशात रस्ता आहे का. गावनकाशावर पांदण दाखवलेली असेल आणि ती आपल्या धुऱ्याला लागत असेल तर उत्तम. दोन, नसेल तर वहिवाट कुठून आहे. गावाचा निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन कागद पटवाऱ्याकडे किंवा तहसिलीत पाहायला मिळतात. गुरं कुठून जातात, पाणी कुठून येतं, वाट कोणाच्या वावरातून आहे, याच्या जुन्या नोंदी त्यात असतात. रस्त्याचा वाद झाला तर कलम 131 प्रमाणे तहसीलदार जुनी वहिवाट आणि दोन्ही बाजूंची सोय पाहून निर्णय देतो. पण हक्क मिळेपर्यंत एक-दोन हंगाम जातात, आणि संत्र्याचा ट्रक थांबत नाही.

काळ्या जमिनीतली पांदण जुलैपासून पोळ्यापर्यंत ट्रॅक्टरलाही अवघड जाते. घर बांधून राहायचं असेल तर जमीन एकदा भर पावसात पाहावी. वाटेत नाला असेल तर पूर आल्यावर किती वेळ पलीकडे जाता येत नाही, हे जवळच्या गुराख्याला विचारावं. दुखणंखुपणं, बाळंतपण, साप चावणं, सगळं त्या नाल्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर ठरतं.

पाणी : मे महिन्याचा हिशेब

पांढुर्ण्याकडचा बराच भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. सौसरच्या बाजूला त्याहून कितीतरी जुने खडक आहेत. भूगर्भशास्त्रात तर एका खडकगटाला ‘सौसर गट’ असंच नाव आहे, आणि मध्य भारतातलं मँगनीज त्याच गटात सापडतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की दोन्हीकडे खडक कठीण आहे. पाणी खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमात असतं. भेग लागली तर पाणी, नाही लागली तर शेजारच्या बोअरला भरपूर अन् आपली कोरडी. बोअर खोल नेला म्हणून पाणी वाढेलच असं नाही. शेजारच्या वरूड-मोर्शी भागात संत्र्यासाठी भूजलाचा उपसा किती झाला अन् बोअर किती खाली गेले, हे इथल्या लोकांनी पाहिलेलं आहे.

हिशेब साधा आहे. 6 × 6 मीटरवर लावलं तर एका एकरात संत्र्याची सुमारे 112 झाडं बसतात. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला रोज 100 लिटर धरलं तरी एकराला 11,200 लिटर झाले. पाच एकरांना 56,000 लिटर. रोज, आणि तेही मे महिन्यात.

विहीर तपासायची तर पाणी किती फूट दिसतं यावर जाऊ नये. 200 लिटरचा ड्रम मोटारीखाली ठेवून तो भरायला किती वेळ लागतो ते मोजावं. दोन मिनिटं लागली तर तासाला 6,000 लिटर. पण ही मोटारीची ताकद झाली. विहिरीची ताकद पाहायची तर विहीर उपसून रिकामी करावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती पाणी आलं ते पाहावं. हे एप्रिल-मेमध्येच करावं. मालक “आता नको” म्हणत असेल तर तेही एक उत्तरच आहे.

विहीर सामाईक असेल तर पाळ्या कशा आहेत ते लिहून घ्यावं. “आठवड्यातले तीन दिवस आपले” हे जुन्या मालकाच्या भावकीत चालत होतं. नव्या माणसाला ते चालू देतील की नाही, ते त्या भावांनाच विचारावं.

वीज मध्यप्रदेश पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीची आहे. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज चोवीस तास नसते. साधारण दहा तास गृहीत धरावेत आणि त्यातले काही रात्रीचे. गावठाणाच्या फीडरपासून लांब घर बांधलं तर घरातला उजेडही शेतीच्या लाइनवर येतो. कनेक्शन कोणाच्या नावावर आहे, बिलाची थकबाकी किती, डीपी कोणाच्या वावरात आहे अन् तीवर आणखी किती मोटारी आहेत, हे पाहावं. नवीन खांब आणि डीपीचा खर्च जमिनीच्या भावात कोणी सांगत नाही.

बगीचा घेताना झाड पाहावं, फळ नाही

संत्रा लावल्यापासून पाचव्या-सहाव्या वर्षी नीट उत्पन्न सुरू होतं. म्हणून लोक तयार बगीचा शोधतात. बहराच्या दिवसांत लदलेलं झाड पाहून सौदा होतो. त्याऐवजी बुंधा पाहावा. बुंध्यातून डिंक येत असेल, साल सुटत असेल तर डिंक्या आहे. शेंडे वाळले असतील, पानं पिवळी असतील तर मुळं कुजत असू शकतात. पानांवर काळा थर असेल तर कोळशी.

संत्र्याला निचरा हवा. खोल, चिकण, पाणी धरणारी काळी जमीन कपाशीला चांगली, पण संत्र्याची मुळं तिथे सडतात. जमिनीत चुनखडी 10 टक्क्यांच्या वर असेल तरी बगीचा टिकत नाही. मातीचा नमुना वरचा आणि दोन-तीन फुटांखालचा, असा वेगवेगळा तपासावा. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था जवळ आहे, सल्ला तिथून घ्यावा.

आंबिया बहर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो अन् ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतो. मृग बहर जून-जुलैत फुलतो अन् फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. आंबियाच्या लहान फळाला उन्हाळ्याची झळ अन् मृगाच्या तयार फळाला फेब्रुवारीची गारपीट, अशा दोन्हीकडून भीती असते. बरेच शेतकरी फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याला बगीचा देतात. असा सौदा आधीच झालेला असेल तर त्या हंगामाचं फळ नव्या मालकाचं नसतं. विचारून घ्यावं.

आणि सागाच्या झाडांवर हिशेब मांडू नये. स्वतःच्या वावरातला सागही परवानगीशिवाय तोडता अन् नेता येत नाही.

गुरं, कुंपण अन् रानडुकरं

मोठी जमीन घेऊन गुरं मोकळी सोडायची, अशी कल्पना घेऊन येणारे काही असतात. परदेशातल्या कुरणांच्या व्हिडिओंवरून ती आलेली असते. इथे तशी खासगी कुरणं नाहीत. गुरं चरतात ती चरनोईवर, धुऱ्यावर अन् कापणी झालेल्या वावरात, म्हणजे गावाच्या संमतीवर. गवळाऊ ही इथलीच जात. वर्धा, नागपूरपासून छिंदवाडा, सिवनी, बालाघाटपर्यंतचा तिचा मूळ पट्टा. डोंगराच्या वाटेवर झपाझप चालणारा बैल म्हणून तिची ख्याती. दूध मात्र बेताचंच. गवळाऊ पाळून दुधाचा धंदा मांडणाऱ्याने हे समजून घ्यावं.

साडेतीनशे किलोच्या एका गाईला रोज आठ-नऊ किलो कोरडा चारा लागतो. दहा गाईंचे वर्षाला तीस टन होतात. पाच एकर बरडातून एवढा चारा निघत नाही, विकत आणावा लागतो. सीमेपलीकडच्या बाजारातून गुरं आणताना किंवा नेताना खरेदीची पावती, पशुवैद्यकीय दाखला आणि वाहतुकीचा परवाना जवळ ठेवावा. दोन्ही राज्यांचे गोवंशाचे कायदे कडक आहेत. आपलं जनावर दुसऱ्याच्या पिकात गेलं तर 1871 च्या कायद्यापासून चालत आलेला कांजी हाऊस, म्हणजे कोंडवाडा, आहेच. त्याहून आधी शेजाऱ्याशी बिघडतं.

कुंपणाचा खर्च क्षेत्रावर नाही, आकारावर ठरतो. पाच एकर चौकोनी असेल तर चारी बाजू मिळून सुमारे 570 मीटर. तेच पाच एकर 50 मीटर रुंद अन् 405 मीटर लांब पट्ट्यात असेल तर 910 मीटर. तीन मीटरवर एक खांब धरला तर पहिल्याला 190 अन् दुसऱ्याला 303 खांब. भाव सारखा सांगितला तरी या दोन जमिनी सारख्या नाहीत.

सातपुडा आणि पेंच या व्याघ्रप्रकल्पांच्या मधला वन्यजीवांचा मार्ग छिंदवाड्याच्या जंगलांतून जातो. डोंगराकडच्या गावांत बिबट्या ऐकू येतो. पण शेतकऱ्याला रोजचा त्रास रानडुकरांचा, रोह्यांचा अन् माकडांचा. भुईमूग, मका, तूर रात्रीतून साफ होते. जागल करणारा माणूस नसेल तर लांबच्या वावरात ही पिकं घेऊ नयेत. सौर झटका मशीन चालतं. थेट लाइनची तार कुंपणाला लावणं हा गुन्हा आहे, आणि त्या तारेला जनावर चिकटण्याआधी माणूस चिकटतो. पिकाचं नुकसान झालं तर राजस्व पुस्तक परिपत्रक 6-4 प्रमाणे भरपाईचा अर्ज करता येतो. सर्पदंशाने मृत्यू झाल्यास याच परिपत्रकाखाली 4 लाख रुपयांची मदत आहे, पण त्यासाठी शवविच्छेदनाचा अहवाल लागतो.

घर, माणसं अन् रोजचं जगणं

शेतीच्या सोयीसाठी घर, कोठा, गोदाम बांधायला अडचण नाही. ढाबा, लॉन, दुकान किंवा प्लॉट पाडायचे असतील तर डायव्हर्शन लागतं. 2018 च्या दुरुस्तीनंतर भूमिस्वामी स्वतः आकारणी करून पैसे भरून तशी माहिती देऊ शकतो. ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून दहा-दहा हजार फुटांचे तुकडे विकले जात असतील तर कॉलनीची परवानगी आणि नगर तथा ग्राम निवेशचा नकाशा मागावा. नसेल तर ती अवैध कॉलनी आहे.

रोज तिथे राहणार नसेल तर सालदार लागतो. सालाचा करार पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. वर्षाच्या मध्ये जमीन घेतली तर चांगला माणूस मोकळा मिळत नाही. पोळ्याच्या अन् गोटमारीच्या दिवसांत, संत्रा तोडणीत, कापूस वेचणीत मजूर मिळेल हे धरून चालू नये. मजूर मिळतो तो ओळखीवर. गावात राहणाऱ्याला मिळतो, रविवारी गाडीतून येणाऱ्याला नाही.

सरकारी योजनांसाठी समग्र आयडी लागतो अन् तो इथल्या रहिवाशाला मिळतो. पीएम-किसानचा लाभ 1 फेब्रुवारी 2019 नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर मिळत नाही, वारसाने आलेल्यावरच मिळतो. महाराष्ट्राची गाडी सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे राहिली तर नोंदणी बदलावी लागते. मोठ्या आजारपणाला लोक आजही नागपूरच गाठतात. वावरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा वेळ त्यात मिळवून पाहावा.

इसाराआधी एवढं करा

1. गाव अनुसूचित क्षेत्रात आहे का, ते तहसिलीतून लेखी घ्या.
2. 1959 पासूनचे खसरे, मिसल, बी-1 आणि नकाशा काढून वकिलाला दाखवा. कॉलम 12 स्वतः वाचा.
3. वारसांची यादी करा. बहिणींना भेटा.
4. चारही धुऱ्यांच्या मालकांसमोर सीमांकन करून घ्या.
5. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जमध्ये रस्ता अन् पाण्याची नोंद पाहा.
6. जमीन दोनदा पाहा : एकदा मे महिन्यात, एकदा भर पावसात.
7. विहीर उपसून पाहा. विजेचं बिल अन् कनेक्शनचं नाव तपासा.
8. शक्य असेल तर आधी एक साल मक्त्याने घ्या. त्याचा लेखी करार करा.

नियम अन् शुल्कं बदलत असतात. रजिस्ट्रीच्या आठवड्यात कलेक्टर गाइडलाइनचा भाव आणि मुद्रांक शुल्क उपपंजीयक कचेरीतून पुन्हा विचारून घ्यावं.

आठव्या मुद्द्याला दलाल हसतात. पण एका सालात पाणीही कळतं, वाटही कळते अन् शेजारीही. जमीन पसंत पडली नाही तर गेला तो एका सालाचा मक्ता, आयुष्याची पुंजी नाही.